शिफ्ट लाइट पेटते, पण लिमिटर आधीच लागलेला असतो

पहिल्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला की शिफ्ट लाइट, म्हणजे गिअर बदलायची वेळ झाली असं सांगणारा दिवा, पेटतो न पेटतो तोच लिमिटर, म्हणजे इंजिनाला ठरावीक वेगापुढे जाऊ न देणारी यंत्रणा, लागतो आणि गाडी अडखळते. इंजिन एकाच आरपीएमवर (मिनिटाला फेरे) ब्रर्र-ब्रर्र करत नाचतं आणि मग कुठे दुसरा गिअर पडतो. यावर बहुतेक जण दिवा ज्या आरपीएमला पेटतो तो आकडा दोनशेने खाली आणतात. पहिल्या गिअरचं दुखणं तेवढ्यापुरतं जातं, पण तिसऱ्या-चौथ्यात दिवा फार लवकर पेटायला लागतो. हळूहळू चालकाला दिव्याकडे दुर्लक्ष करायची सवय लागते आणि पुढच्या ट्रॅक डेला (आपली गाडी सर्किटवर पळवायच्या दिवशी) पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आकडा वर-खाली करण्याचा हा खेळ वर्षभर चालू शकतो, कारण बहुतेक वेळा दोष आकड्यात नसतोच.

एकाच लक्षणामागे तीन वेगळे दोष असतात. दिव्याला मिळणारा आरपीएमच चुकीचा असतो, किंवा आरपीएम बरोबर असतो पण उशिरा पोचतो, किंवा हे दोन्ही ठीक असून पॉवर कापणारा लिमिटर नसतोच, तो ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू लागली की पॉवर कमी करणारी यंत्रणा) असतो. तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. तेव्हा मोजमाप होईपर्यंत सेटिंगला हात लावू नका.

खालची सगळी गणितं पहिल्या पिढीच्या टोयोटा जीटी८६ची आहेत: सहा गिअरची मॅन्युअल, फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतरचं शेवटचं गुणोत्तर) ४.१०. लाल पट्टा ७४०० आरपीएमला, कमाल शक्ती ७००० ला. गिअरची गुणोत्तरं क्रमाने ३.६२६, २.१८८, १.५४१, १.२१३, १.०००, ०.७६७. टॅकोमीटरमध्ये (आरपीएम दाखवणाऱ्या मीटरमध्ये) कंपनीचीच शिफ्ट लाइट आणि बझर आहे, आकडा आपण ठरवू शकतो. ही गाडी भारतात अधिकृतपणे विकली गेली नाही, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे ब्रिटन, ऑस्ट्रेलियाकडच्या मंडळींना उपयोगी पडतील. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइमतूरच्या सर्किटवर जुनी एस्टीम, सिटी पळवणाऱ्यांनी आपल्या गाडीची गुणोत्तरं आणि टायरचा घेर घालून हेच गणित करावं.

पॉवर नक्की कोण कापतंय?

हे ठरवायला पाना लागत नाही, कान आणि डॅशबोर्ड पुरे. लिमिटर नेहमी एकाच आरपीएमला लागतो, गाडी सरळ असो वा वळणात. आवाज एका लयीत तुटतो आणि काटा लाल पट्ट्याच्या कडेला थरथरतो. ट्रॅक्शन कंट्रोल दर वेळी वेगळ्या आरपीएमला येतो, बहुधा वळणातून बाहेर पडताना किंवा उंचवट्यावरून जाताना. गाडी गळा दाबल्यासारखी मंदावते आणि घसरत्या गाडीचं पिवळं चिन्ह लुकलुकतं. चालकाची नजर पुढे असल्याने ते लुकलुकणं हमखास सुटतं. फोन डॅशबोर्डकडे तोंड करून घट्ट बांधा, दोन लॅप चित्रित करा आणि नंतर बघा.

आणखी एक बहुरूपी म्हणजे पेट्रोलची उपासमार. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांत टाकी प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही बाजूंना खोगिरासारखी पसरलेली असते. लांब वळणात पेट्रोल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि इंजिन लिमिटर लागल्यासारखं खोकतं. टाकी तीन-चतुर्थांश भरून त्याच वळणात तेच करून बघा. खोकला गेला तर शिफ्ट लाइटचा काही संबंध नाही. टर्बो गाड्यांत उन्हातली चौथी-पाचवी लॅप असेल, तर तापलेल्या हवेमुळे ईसीयू (इंजिनाचा संगणक) स्वतःच बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) कमी करतो. तिथे गाडी अडखळत नाही, नुसती सुस्त होते.

थंड इंजिनाचंही लक्षात असू द्या. काही गाड्यांत लाल पट्टा तेलाच्या तापमानानुसार सरकतो. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ मध्ये टॅकोमीटरभोवतीचे दिवे तेल तापेल तसे एकेक विझत जातात. पिटमधून निघाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत असे दिवे खालच्या आकड्याला दिसले तर तो बिघाड नव्हे, अजून थांबा असं गाडीच सांगते आहे.

खरा आरपीएम किती, हे आधी सिद्ध करा

दिवा चुकतोय की काटा, हे दोघांकडे बघून कळत नाही, कारण दोघेही चुकू शकतात. ॲनालॉग काट्याची हालचाल मुद्दाम मऊ केलेली असते, त्यामुळे जोरात चढताना तो खऱ्या आरपीएमच्या मागेच राहतो. स्पीडोमीटरवरही भिस्त ठेवू नका. युरोपीय नियमानुसार तो खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू शकत नाही, पण जास्त दाखवला तर चालतो, आणि सूटही सढळ आहे: खऱ्या वेगाच्या दहा टक्के, वर ताशी ४ किलोमीटर. म्हणून तिसरा साक्षीदार घ्यायचा, जीपीएसचा वेग आणि टायरचा प्रत्यक्ष घेर.

घेर पुस्तकातून काढला तर फसगत होते. २१५/४५ आर१७ टायरचा कागदी व्यास ६२५ मिलिमीटर, म्हणजे घेर १.९६ मीटर. पण गाडीचं वजन पडल्यावर टायर खाली दबतो आणि एका फेरीत त्याहून कमी अंतर कापतो. टायरमध्ये नेहमीचा दाब भरा, चालकाला आत बसवा. टायरच्या तळाशी आणि फरशीवर खडूने एकच रेघ मारा. गाडी सरळ ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा करा आणि अंतर टेपने मोजा. दोन फेरे करून निम्मं केलंत तर चूकही निम्मी होते. समजा १.९१ मीटर आलं. फरक पाच सेंटिमीटरचा दिसतो, पण तिसऱ्या गिअरमध्ये ताशी १०० ला तोच दीडशे आरपीएमचा होतो.

आता गणित. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर. भागिले १.९१, चाकाचे ५२३.६ फेरे. तिसऱ्या गिअरचं एकूण गुणोत्तर १.५४१ गुणिले ४.१०, म्हणजे ६.३१८. गुणाकार ३३०८. याचा अर्थ तिसऱ्यात जीपीएसवर ६० दिसत असताना इंजिन ३३०० च्या आसपास असलंच पाहिजे, कारण क्लचवरून पाय पूर्ण काढलेला असताना इंजिन आणि चाक यांच्यात फक्त दाते आहेत.

शिफ्ट लाइटचा आकडा तात्पुरता ३३०० वर आणा. मोकळ्या, सपाट रस्त्यावर तिसऱ्यात ताशी ५५ धरा आणि अगदी सावकाश वेग चढवा. शेजारी बसलेल्याने जीपीएसचा आकडा वाचायचा, चालकाने फक्त रस्ता बघायचा. दिवा ५९ ते ६१ दरम्यान पेटला तर आरपीएमचा सिग्नल बरोबर आहे, थेट उशिराच्या भागाकडे जा. ३० ला पेटला, किंवा ९० पार होऊनही पेटला नाही, तर पल्सच्या (इंजिनाकडून दिव्याला येणाऱ्या विजेच्या ठोक्यांच्या) सेटिंगची चूक आहे. दर वेळी वेगळ्याच वेगाला पेटला किंवा मध्येच लुकलुकला तर वायरिंगमध्ये विजेचा गोंगाट आहे. वेग सावकाश चढवायचा कारण फोनचा जीपीएसही सेकंदभर मागे असतो. घाई केलीत तर ती चूक दिव्याच्या माथी मारली जाईल.

पल्सचा घोळ

हा भाग फक्त बाहेरून बसवलेल्या दिव्यांसाठी. कंपनीच्या दिव्यात पल्सचा प्रश्नच येत नाही.

दिव्याला आरपीएम कळत नाही, त्याला पल्स कळतात. एका फेऱ्याला किती पल्स हे आपण त्याला सांगायचं असतं आणि गल्लत इथेच होते. डिस्ट्रिब्युटर (एकाच कॉइलची ठिणगी सगळ्या प्लगना वाटणारा भाग) असलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनात कॉइल एका फेऱ्याला दोनदा ठिणगी देते, म्हणजे दोन पल्स. वेस्टेड स्पार्क पद्धतीत दोन सिलिंडरमागे एक कॉइल असते, तिच्या एका वायरवर फेऱ्याला एक पल्स. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर एका कॉइलच्या वायरवर दोन फेऱ्यांत एक, म्हणजे अर्धा. सिक्वेन्शल इंजेक्टरची वायर घेतलीत तरी अर्धाच.

बऱ्याच दिव्यांवर '४ सिलिंडर', '६ सिलिंडर', '८ सिलिंडर' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ डिस्ट्रिब्युटरच्या हिशेबाने दोन, तीन आणि चार पल्स. इंजिन चार सिलिंडरचं म्हणून स्विच चारवर ठेवला आणि वायर मात्र एका स्वतंत्र कॉइलची घेतली, तर दिव्याला खऱ्याच्या पाव आरपीएम दिसतो. ७००० ला पेटायला त्याला २८००० हवेत. 'युनिट डेड आहे' म्हणून परत पाठवलेल्या दिव्यांत असे ठणठणीत दिवे किती असतील कोण जाणे.

खात्रीला मल्टिमीटर पुरतो, फक्त त्यावर हर्ट्‌झची खूण हवी. दोन पल्सच्या सिग्नलला हर्ट्‌झ गुणिले ३० म्हणजे आरपीएम. आयडलवर ८०० असेल तर मीटर २६-२७ दाखवेल, ३००० ला बरोबर १००, ७००० ला २३३. आयडलवर १३ दिसले तर एक पल्स, ६ ते ७ दिसले तर अर्धा. मात्र मीटर ईसीयूच्या टॅकोमीटर वायरवरच लावा. कॉइलच्या निगेटिव्हला ठिणगीच्या क्षणी तीनशे-चारशे व्होल्टचा झटका असतो, स्वस्त मीटर तिथे हमखास जातो आणि बोटांनाही प्रसाद मिळतो. दिवा जोडतानाही हेच. ज्या युनिटच्या माहितीपत्रकात कॉइल निगेटिव्ह चालेल असं स्पष्ट लिहिलेलं नाही ते तिथे लावू नका.

रेससाठी मूळ मीटर क्लस्टर काढून टाकलेल्या गाड्यांत एक वेगळी गंमत होते. अनेक ईसीयूंची टॅकोमीटर वायर स्वतः व्होल्टेज देत नाही, ती फक्त अर्थकडे खेचते. वर ओढायचं काम क्लस्टरमधला रेझिस्टर करत असतो. क्लस्टर गेला की तो रेझिस्टरही गेला आणि वायरवर काहीच दिसत नाही. इग्निशनच्या १२ व्होल्टपासून त्या वायरला २.२ किलोओमचा, अर्ध्या वॉटचा रेझिस्टर लावा. पाव वॉटचाही चालतो, पण १ किलोओम वापरलात तर चार्जिंगच्या १४.४ व्होल्टला त्यावर ०.२ वॉट पडतात. बोनेटखालच्या उकाड्यात पाव वॉटच्या तुकड्याला तेवढे झेपत नाहीत.

दिवा लुकलुकतो, मध्येच चमकतो

आधी अर्थिंग बघा. डॅशबोर्डच्या सोयीच्या स्क्रूला अर्थ बांधलेली असते. तो स्क्रू प्लॅस्टिकमध्ये किंवा रंगावर बसलेला असतो. इंजिन चालू, हेडलाइट आणि पंखा चालू ठेवून दिव्याच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्ट मोजा. ०.१ पेक्षा जास्त आले तर जागा बदला. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर रिंग लग कसा. पॉवर इग्निशनसोबत सुरू होणाऱ्या फ्यूजवरून घ्या, मध्ये २ किंवा ३ ॲम्पिअरचा स्वतंत्र फ्यूज ठेवा. वायर नुसती पिळून टेप गुंडाळू नका. सोल्डर किंवा नीट क्रिंप करा आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. टेपचा गोंद उन्हात वितळतो आणि जोड उघडा पडतो, हे इथल्या मेमध्ये सांगायला नको.

अर्थ चांगली असूनही लुकलुकणं राहिलं तर सिग्नल वायरचा रस्ता बघा. प्लगच्या हाय टेन्शन वायरींच्या शेजारून ती जात असेल तर हातभर लांब न्या, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. शील्डेड वायर वापरली तर शील्ड एकाच टोकाला अर्थ करा, दोन्हीकडे नको. मग प्लग बघा. एनजीकेच्या क्रमांकात सुरुवातीच्या अक्षरांत 'आर' असेल, जसा बीकेआर६ई मध्ये आहे, तर आत गोंगाट दाबणारा रेझिस्टर असतो. 'रेसिंग' म्हणून बिन-आरचे प्लग घातलेल्या गाडीत रेडिओ खरखरतो, शिफ्ट लाइट मनाला येईल तेव्हा पेटते आणि एखादा सेन्सरही भरकटतो. अश्वशक्तीत मात्र काही भर पडत नाही.

दिवा संध्याकाळी झकास आणि भर दुपारी मेणबत्तीसारखा मिणमिणता असेल तर त्याची डिमर वायर कुठे जोडली आहे ते पाहा. ती पार्किंग लाइटच्या वायरला असेल आणि दिवसा हेडलाइट लावून पळायचा नियम असेल, तर दिव्याला वाटतं रात्र झाली. डिमर वायर काढून बंद करून ठेवा. दिवा एलसीडीच्या पडद्यावर असेल आणि चालक पोलराइज्ड गॉगल घालत असेल, तर पडदा काळाच दिसू शकतो. गॉगल काढून एकदा बघितलं की उलगडा होतो.

जागेबद्दल एवढंच, की दिवा बघावा लागला तर तो चुकीच्या जागी आहे. नजर वळणाच्या टोकावर असताना तो कडेने जाणवला पाहिजे. स्टिअरिंगच्या वर, क्लस्टरच्या छपरावर मध्यभागी बसवा. एअरबॅगच्या झाकणावर किंवा पडदा-एअरबॅग असलेल्या खांबावर अजिबात चिकटवू नका. एअरबॅग उघडली तर तो दिवा गोळीसारखा चेहऱ्याकडे येईल.

सिग्नल बरोबर, पण उशिरा

फोनवरचं ॲप आणि ओबीडीच्या सॉकेटमध्ये (गाडीच्या संगणकाशी बोलायचं सॉकेट) खुपसलेलं ब्लूटूथ अडॅप्टर, ही जोडी शिफ्ट लाइट म्हणून वापरणारे पुष्कळ आहेत. माहिती गोळा करायला ती उत्तम. शिफ्ट लाइट म्हणून निरुपयोगी. ॲप प्रश्न विचारतं, ईसीयू उत्तर देतो, अडॅप्टर ते पुढे पाठवतो, आणि आरपीएमसोबत पाण्याचं तापमान, थ्रॉटल, बूस्ट असं चार गोष्टींचं मागणं असेल तर प्रत्येकाची पाळी येईपर्यंत वेळ जातो. पाव सेकंद जाणं सहज शक्य आहे. ॲपमध्ये बाकीचे सगळे गेज बंद करून फक्त आरपीएम ठेवा, सुधारणा लगेच दिसेल, पण रोग जाणार नाही. दिवा हवाच असेल तर टॅकोमीटरची वायर घ्या, किंवा कॅन बसवर (गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या वायरींवर) ईसीयू आपणहून सतत पाठवत असतो तो आरपीएम ऐकणारं युनिट घ्या. न विचारता मिळणारी माहिती ताजी असते.

पाव सेकंदाने काय बिघडतं हे कळायला इंजिन सेकंदाला किती आरपीएम चढतं ते लागतं. वर दिलेल्या गाडीसाठी पूर्ण थ्रॉटलवरचा माझा हिशेब ढोबळमानाने असा: पहिल्यात सेकंदाला २४००-२५००, दुसऱ्यात १०००, तिसऱ्यात ४५०, चौथ्यात २३०. आपल्या गाडीचे आकडे काढायला लॉगर (आकडे नोंदवणारं यंत्र) नसला तरी अडत नाही. टॅकोमीटरचा स्लो-मोशन व्हिडिओ घ्या आणि काट्याला ४५०० पासून ६५०० पर्यंत जायला किती वेळ लागला ते मोजा. काटा मागे राहतो खरा, पण दोन्ही टोकांना जवळपास सारखाच, त्यामुळे वजाबाकीत ती चूक बरीचशी निघून जाते.

पहिल्या गिअरमध्ये पाव सेकंदाचा उशीर म्हणजे सहाशे आरपीएम, आणि चालकाचा पाय उचलला जाईपर्यंतचा वेळ त्यात धरलेलाच नाही. चौथ्यात तोच उशीर साठाच्या घरात. सगळ्या गिअरला एकच आकडा का जमत नाही याचं उत्तर इथेच आहे.

मग आकडा किती ठेवायचा?

दिवा दिसल्यापासून क्लच दाबला जाईपर्यंत ०.३ सेकंद धरा. ७३०० ला गिअर सुटला पाहिजे असं ठरवलं, तर पहिल्यात ७३५ आरपीएम आधी दिवा हवा, म्हणजे ६५५०. दुसऱ्यात ३०० आधी, ७०००. तिसऱ्यात ७१५०, चौथ्यात ७२००. गिअरनुसार वेगळा आकडा घेणारं युनिट असेल तर हे सरळ घाला.

कंपनीच्या दिव्यासारखा एकच आकडा असेल तर ७००० ठेवा आणि पहिल्या गिअरचा नाद सोडा. सर्किटवर पहिला गिअर स्टार्टला एकदाच लागतो, त्या एका बदलासाठी बाकीचे शेकडो बदल बिघडवण्यात अर्थ नाही. पहिल्यात काटा ६५०० ओलांडताना हात हलवायचा. ऑटोक्रॉसवाल्यांचं (मोकळ्या जागेत आखलेल्या छोट्या, वळणदार मार्गावर पळणाऱ्यांचं) गणित उलटं. त्यांचं सगळं आयुष्य पहिल्या-दुसऱ्यात जातं, त्यांनी ६६०० ठेवावा आणि दुसऱ्यात दिव्यानंतर मनात 'एक' म्हणून गिअर टाकावा.

'इंजिन जपायचं' म्हणून सरसकट ६५०० ला गिअर बदलणाऱ्यांसाठी या गाडीत एक खास सापळा आहे. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना आरपीएम ०.६०३ पटीने खाली येतो. ७३०० ला बदललात तर दुसऱ्यात ४४०० ला उतरता. ६५०० ला बदललात तर ३९०० ला, आणि साधारण ३५०० ते ४५०० च्या मध्ये या इंजिनाच्या टॉर्कमध्ये, म्हणजे ओढीत, प्रसिद्ध खड्डा आहे. गाडी दुसऱ्यात गेल्यावर श्वास धरून बसते आणि चालक बिचारा क्लच घसरतोय का ते तपासत राहतो. वरच्या गिअरना हा त्रास नाही. ७३०० ला तिसऱ्यातून चौथ्यात गेलात तर ५७५० ला उतरता.

ओळीने पेटणाऱ्या दिव्यांची पट्टी असेल तर तिचा पसाराही तपासा. पहिला हिरवा ५५०० ला आणि शेवटचा लाल ७२०० ला ठेवला तर चौथ्यात ही वरात सात सेकंद चालते. पहिल्यात पाऊण सेकंदात सगळं एकदम पेटतं, पट्टी म्हणून तिचा काहीच उपयोग होत नाही. सुरुवात ६२०० पासून करा आणि शेवटच्या दिव्याला रंगाबरोबर लुकलुकही द्या. लाल-हिरवा रंग ओळखायला अडचण असलेल्या चालकाला लुकलुक तरी दिसते.

स्टिअरिंगमागे गिअरचे पॅडल असलेल्या ऑटोमॅटिक गाडीत पायाऐवजी गिअरबॉक्सचा वेळ धरायचा. पॅडल ओढल्यापासून गिअर पडेपर्यंत किती जातो हे त्याच स्लो-मोशन व्हिडिओने मोजा आणि ०.३ च्या जागी बोटाचा वेळ अधिक हा वेळ घाला. काही गाड्या 'मॅन्युअल' म्हणवतात आणि लाल पट्ट्यावर स्वतःच गिअर चढवतात. तुम्ही त्याच क्षणी पॅडल ओढलंत तर एकदम दोन गिअर वर जातात.

ट्रॅक्शन कंट्रोल बंद केला, तरी येतो

वरच्या जीटी८६मधलं बटण नुसतं दाबलं तर फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद होतो, आणि तोही गाडीने वेग घेतला की आपोआप परत सुरू होतो. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं आहे, वाचतो कोण. गाडी उभी असताना तेच बटण तीन सेकंदांहून जास्त दाबून धरलं तर स्टॅबिलिटी कंट्रोलसुद्धा (गाडी भरकटू नये म्हणून एकेका चाकाला ब्रेक लावणारी यंत्रणा) बंद होतो आणि तो आपोआप परत येत नाही. या दोन्हींच्या मधला आहे तो स्पोर्ट मोड. मदत राहते, पण उशिरा आणि कमी येते. ट्रॅकवर नव्या माणसाने तिथेच राहावं. पूर्ण बंद करणं हा या समस्येवरचा उपाय नव्हे.

स्पोर्ट मोडमध्येही सरळ रस्त्यावर, कोरड्या डांबरावर पॉवर कापली जात असेल तर सिस्टिमला चाकांचे वेग जुळत नाहीत असा अर्थ घ्या. आधी टायर बघा. मागचे टायर झिजून २ मिलिमीटरवर आलेले आणि पुढे नवे ८ मिलिमीटरचे असतील, तर मागच्यांचा व्यास १२ मिलिमीटरने कमी, म्हणजे ती चाकं कायम जवळजवळ दोन टक्के जास्त फिरतात. सिस्टिमच्या दृष्टीने मागची चाकं सतत घसरतच आहेत. खरी घसरण सुरू व्हायच्या आतच काही सवलत संपलेली असते. पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर बसवणाऱ्यांनी आधी दोन्हींचे घेर खडूने मोजावेत.

व्हील अलाइनमेंटनंतर त्रास सुरू झाला असेल तर स्टिअरिंग सरळ रस्त्यावर तिरकं राहतंय का पाहा. स्टिअरिंगचा सेन्सर चार-पाच अंश चुकीचं सांगत असेल तर संगणकाला वाटतं चालक वळतोय आणि गाडी वळत नाही, मग तो ब्रेक लावून मदत करायला धावतो. अलाइनमेंट करणाऱ्याकडून स्कॅनरने शून्य बिंदू पुन्हा शिकवून घ्या. गाडी सपाट जागी, स्टिअरिंग सरळ, कोणी हलायचं नाही. हब बेअरिंग बदलल्यानंतर त्रास असेल तर त्याच्या एका बाजूला असलेली चुंबकीय कडी उलटी तर बसली नाही ना, हे बघा. लोखंडी टाचणी धरून बघितली की कुठल्या बाजूला चुंबक आहे ते कळतं. ती बाजू सेन्सरकडे हवी.

मागचे ब्रेक पॅड पुढच्यांच्या आधी संपत असतील तर तेही याच गोष्टीचं लक्षण. ट्रॅक्शन कंट्रोल घसरणारं चाक ब्रेकने आवळतो. दर वळणातून बाहेर पडताना चालक ॲक्सिलरेटर दाबतो आणि संगणक ब्रेक. वीस मिनिटांच्या सत्रानंतर मागची डिस्क निळसर दिसली तर चालकाने पाय थोडा उशिरा आणि थोडा सावकाश द्यायला शिकायचं आहे.

खाली येताना दिवा उपयोगाचा नाही

लिमिटर पेट्रोल बंद करून इंजिनाला वर जाऊ देत नाही. चाकांनी ओढून वर नेलं तर त्याच्या हातात काही नाही. ताशी १५० ला चौथ्यातून तिसऱ्यात यायचं म्हटलं तरी इंजिन ८२७० ला जातं, म्हणजे तो बदल अजून करायचाच नाही. घाईत दुसरा पडला तर ११,७०० ला. व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतात. दिवा, बझर, लिमिटर कोणीच यात आडवं येत नाही.

प्रत्येक गिअरसाठी ७३०० ला येणारा वेग काढून ठेवा. या गाडीत १.९१ मीटर घेराला दुसऱ्यासाठी ताशी ९३, तिसऱ्यासाठी १३२, चौथ्यासाठी १६८. हे तीन आकडे पांढऱ्या टेपवर मार्करने लिहून क्लस्टरच्या कडेला चिकटवा. जीपीएसवर त्याहून जास्त वेग असताना तो गिअर टाकायचा नाही. टायरचं माप बदललं की टेपही बदला.